जागा सोडणारी पेशी

शाळेत एकपेशीय जिवांशी आपली ओळख अमीबा आणि पॅरामेशियमपाशीच थांबते. त्यात स्टेंटर राहून जातो, याची मला खरंच हळहळ वाटते. संथ तळ्यात, पाणवनस्पतींच्या देठांना किंवा कुजत्या पानांना चिकटून राहणारा हा जीव दिसतो कर्ण्यासारखा. त्याच्या मोठ्या जाती अंग ताणून उभ्या राहिल्या की एक मिलिमीटरहूनही लांब भरतात. नीट पाहिलं तर भिंगाशिवायही दिसाव्यात इतक्या. आणि एवढा सगळा पसारा एकाच पेशीचा!

कर्ण्याच्या तोंडाभोवती बारीक केसांसारख्या पक्ष्माभिका असतात. त्या लयीत हलल्या की पाण्यात भोवरा उठतो आणि जिवाणू, शैवाल आत ओढले जातात. गोड्या पाण्यातल्या वस्तीची एक कटकट मात्र कायमची. पेशीच्या आत क्षार जास्त, बाहेर कमी, त्यामुळे पाणी सारखं आत झिरपतं. संकोचशील रिक्तिका ते गोळा करते आणि बाहेर फेकते. ती थांबली तर पेशी फुगून फुटेल.

पण मला स्टेंटर आवडतो तो त्याच्या वागण्यामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने ‘स्टेंटर रोझेली’ या जातीच्या तोंडावर किरमिजी रंगाची पूड सोडून पाहिली. आधी स्टेंटर नुसता बाजूला वाकला. पूड येतच राहिली, तेव्हा त्याने पक्ष्माभिका उलट्या फिरवून ती बाहेर ढकलली. तरीही त्रास थांबेना, तसा तो अंग आक्रसून बुडाशी असलेल्या चिकट नळीत शिरला. बाहेर आला, पुन्हा पूड, पुन्हा आत. असं बऱ्याच वेळा झाल्यावर त्याने बूडच सोडवलं आणि तो पोहत निघून गेला. पूड तीच होती, उत्तर मात्र बदलत गेलं. मेंदू नाही, एक चेतापेशीही नाही, तरी आधी काय घडलं याचा काहीतरी ठसा त्या पेशीत उरत होता.

1967 मध्ये हा प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला आणि फसला. जेनिंग्जच्या निरीक्षणावर शंका घेतली गेली. खरं तर त्या वेळी वापरलेली जात वेगळी होती, पोहत राहण्याकडेच जिचा कल असतो. अखेर 2019 मध्ये हार्वर्डमधल्या जेरेमी गुणवर्धने आणि सहकाऱ्यांनी मूळची जात मिळवून तिच्यावर प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी सोडले. जेनिंग्जने पाहिलेलं सगळं पुन्हा दिसलं. प्रत्येक स्टेंटरचा क्रम अगदी सारखा नव्हता, पण सगळ्यांची आकडेवारी एकत्र मांडल्यावर पायऱ्या स्पष्ट झाल्या: वाकणं आणि पक्ष्माभिका उलटवणं आधी, आक्रसणं त्यानंतर, जागा सोडणं सर्वांत शेवटी. त्यातही आक्रसलेला स्टेंटर पुढच्या वेळी पुन्हा आक्रसेल की निघून जाईल, याची शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मी निघाली, नाणं उडवल्यासारखी.

जागा सोडलेला स्टेंटर कर्णा मिटून पोहत राहतो. दुसरा देठ सापडला की तिथे बूड टेकवतो, हळूहळू ताठ होतो आणि तोंडाभोवती पुन्हा भोवरा फिरू लागतो.