घर उबदार ठेवणाऱ्या पाइपांचं माप कसं ठरत गेलं

इंग्लंडमध्ये लेस्टरमधल्या आमच्या घरात हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून हीटिंगचं पाणी तापवणारं यंत्र) बसवावा का, हा विचार सुरू झाला तेव्हा जिन्याखालच्या जमिनीच्या दोन फळ्या उचकटून पाहिल्या. खाली गंजून काळा पडलेला, जवळपास मनगटाएवढा सव्वा इंची लोखंडी पाइप कापून तसाच सोडलेला होता. त्याच्या शेजारून बोटाएवढा, 15 मिलिमीटरचा तांब्याचा पाइप रेडिएटरकडे, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या पत्र्याच्या पेटीकडे, गेला होता. दोघांनी वाहिलं ते गरम पाणीच. मग माप एवढं उतरलं कसं? इथे नव्याने राहायला आलेले मराठी मित्र हीटिंगबद्दल विचारतात, तेव्हा मला याच प्रश्नापासून सुरुवात करावीशी वाटते.

जुन्या व्यवस्थेत पंप नव्हता. बॉयलर तळाला, रेडिएटर वर. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, निवलेलं जड होऊन खाली यायचं. पण हा जोर फारच तोकडा असतो. 80 अंश सेल्सिअसला एक घनमीटर पाण्याचं वजन साधारण 972 किलो, 60 अंशांना 983 किलो. म्हणजे तीन मीटर उंचीच्या घरात सगळं पाणी फिरवायला मिळतो तो दाब जेमतेम 34 मिलिमीटर उंचीच्या पाण्याइतका. एवढ्याशा जोरावर पाणी फिरवायचं तर वाट रुंदच हवी. म्हणून घरांत सव्वा-दीड इंची आणि काचेच्या रोपघरांत तर चार इंची ओतीव लोखंडाचे पाइप घालत. अरुंद पाइप वापरून पाहणारेही होते. 1831 मध्ये अँजिअर मार्च पर्किन्स यांनी लंडनमध्ये जाड भिंतीच्या बारीक, बंद पाइपातून उकळबिंदूच्या वर तापवलेलं पाणी फिरवण्याचं पेटंट घेतलं. तापमानातला फरक वाढवून त्यांनी जोर मिळवला, पण तो भारी दाब घरोघरी पोचण्यासारखा नव्हता.

हिशेबाचं शास्त्र याच शतकात उभं राहिलं. जर्मनीत वाइसबाख, फ्रान्समध्ये दिजाँ शहराला पाणी आणणारे आंरी दार्सी आणि 1883 मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून संथ आणि खळाळता प्रवाह वेगळे दाखवणारे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स, या सगळ्यांच्या कामातून पाइपातलं घर्षण मोजता येऊ लागलं. त्यातली एक गोष्ट प्रत्येक घरमालकाला ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं : पाणी तेवढंच ठेवून पाइपाचा आतला व्यास निम्मा केला, तर घर्षणात जाणारा दाब दुप्पट-चौपट होत नाही, सुमारे बत्तीसपट होतो. माप एका पायरीने चुकलं तरी शेवटची खोली गार का राहते, याचं उत्तर इथे आहे. 1885 मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात हेर्मान रीट्शेल हीटिंग आणि वायुवीजनाचे प्राध्यापक झाले आणि अंदाजपंचे चालणाऱ्या या कामाला अभ्यासक्रम मिळाला.

खरं वळण पंपाने दिलं. डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओपलेंडर यांनी 1928 मध्ये पाणी ढकलणारा पंखा पाइपाच्या वळणातच बसवला. पुढच्या वर्षी त्याचं पेटंट झालं. विलो ही कंपनी त्यांचीच. ब्रिटनमध्ये मात्र सामान्य घर अजून कोळशाच्या शेकोटीवरच होतं. डिसेंबर 1952 चं लंडनचं जीवघेणं धुरकं, त्यानंतरचा 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा आणि त्याच दशकात कोळसा-वापर संशोधन संघटनेने पुढे आणलेली बारीक पाइपांची पद्धत : अर्धा इंची तांबं आणि छोटा विजेचा पंप. या तिन्हींनी ते चित्र पालटलं. असा पाइप फळ्यांखाली सहज वळवता येत होता, भिंती फोडायची गरज नव्हती. 1967 ते 1977 या काळात उत्तर समुद्राचा नैसर्गिक वायू घराघरांत आला आणि ही पद्धत देशभर पसरली.

सत्तरीच्या दशकात इंच जाऊन मिलिमीटर आले. अर्धा इंचीचा 15 झाला, पाऊण इंचीचा 22. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, मग 15 कुठून आले? जुनं नाव आतल्या पोकळीवरून पडलं होतं, नवं बाहेरच्या व्यासावरून.

त्याच काळातले दोन आकडे प्लंबरांच्या तोंडी बसले. बॉयलरमधून पाणी 180 अंश फॅरनहाइटला निघायचं, 160 ला परत यायचं. सेल्सिअसमध्ये 82 आणि 71, फरक 11. एका सेकंदाला एक मीटर या वेगाच्या आत राहायचं, म्हणजे पाइप आवाज करत नाहीत. या हिशेबाने 15 मिलिमीटरचा पाइप साधारण 6 किलोवॅट उष्णता नेतो, 22 चा साधारण 13.

पंपाबद्दल आपल्या लोकांचा हमखास गोंधळ होतो, कारण आपल्याला माहीत असते ती गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर. तिचं हेड, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेला पंपाचा जोर, मजल्यांवरून काढतात. हीटिंगचं पाणी बंद वर्तुळात फिरतं. वर चढणाऱ्या पाण्याचा भार उतरणारं पाणी पेलतं. त्यामुळे घर दुमजली की तिमजली याने फरक पडत नाही. पंपाला मारायचं असतं ते फक्त घर्षण, तेही सगळ्यात अवघड वाटेवरच्या एका रेडिएटरपर्यंत जाऊन परत येण्याचं. पंपावर 15-60 लिहिलेलं असतं त्यातला 60 म्हणजे जास्तीत जास्त 6 मीटर हेड. त्या जुन्या 34 मिलिमीटरशी हे ताडून पाहा, म्हणजे पाइप बोटाएवढे का होऊ शकले ते कळेल.

आता हीट पंपाने जुनं गणित बदललं आहे. इंग्लंडमध्ये जून 2022 पासून नव्या हीटिंगचं पाणी 55 अंशांच्या आतच धरून आखणी करावी लागते आणि हीट पंपाला जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात साधारण 5 अंशांचाच फरक हवा असतो. 10 किलोवॅट उष्णता लागणाऱ्या घराला 11 अंशांच्या फरकाने मिनिटाला 13 लिटर पाणी पुरायचं, 5 अंशांनी जवळपास 29 लागतं. सत्तरीतला 22 चा पाइप त्या बेताने 7 किलोवॅटच्या आतच दमतो.

आमच्या घराचा हिशेब 7 किलोवॅटवर आला. मिनिटाला 20 लिटर. 22 मध्ये वेग मर्यादेच्या किंचित वर, 28 मध्ये आरामात 0.6 मीटर. पहिल्या फाट्यापर्यंत 28 चा पाइप टाकायचा ठरला. तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाकघरातल्या जुन्या बॉयलरच्या जागेपासून वरच्या गरम पाण्याच्या टाकीपर्यंत 28 चे दोन पाइप आधीच आहेत. रेडिएटरना पंप मिळाल्यावरही त्या टाकीत पाणी आपल्याच जोराने चढावं म्हणून कुणीतरी ते तेवढे जाड घातले होते. ते तसेच ठेवून पुढची जोडणी करणार आहोत.