स्वस्तातली बेस गिटार इतकी चांगली का वाजते

पहिला बेस घेताना बहुतेक जण एकाच प्रश्नावर अडतात, आत्ता 20 हजारांच्या आसपासचा घ्यावा की थांबून, पैसे साठवून लाखाचा घ्यावा. माझं उत्तर स्पष्ट आहे, आत्ताच घ्या. इलेक्ट्रिक बेसमध्ये आवाज कसा तयार होतो ते एकदा बघितलं की कळतं, आवाज काढणारे भाग मुळात महाग नाहीतच, महाग होता तो नेमकेपणा, आणि तो गेल्या काही दशकांत मशीनमुळे स्वस्त झालाय.

सतार किंवा व्हायोलिनमध्ये लाकूड, भोपळा, आतली पोकळी हे सगळं मिळून हवा हलवतं, म्हणून तिथे लाकूड कोणतं आणि ते किती पातळ तासलंय यावर सगळं अवलंबून असतं. सॉलिड बॉडीच्या बेसमध्ये तसं नसतं. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते, मायकल फॅरेडेने 1831 मध्ये शोधलेलं जे प्रवर्तन आपण शाळेत शिकलो तेच हे. पिकअपला लाकडाशी थेट काही देणंघेणं नाही, त्याला फक्त तार कशी हलतेय तेवढं कळतं. लाकडाचा परिणाम होतो तो आडून, तारेतली थोडी ऊर्जा ते खातं म्हणून. महाग पिकअपमध्ये बरेचदा ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचं चुंबक असतं आणि स्वस्तात सिरॅमिकचं, फरक ऐकू येतो, पण पिकअप ब्रिजपासून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) किती अंतरावर बसवलाय याचा फरक त्याहून खूप मोठा असतो, आणि ते अंतर ठेवायला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही.

शिवाय हे वाद्य पहिल्यापासून कारखान्यासाठीच बनलेलं आहे. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, त्याने 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये प्रिसिजन बेस काढला, लाकडाची भरीव फळी, नेक (बोटं ठेवायचा लांब दांडा) स्क्रूने जोडलेला, तारांची लांबी 34 इंच, बिघडला तर एकेक भाग काढून बदलता येईल असा. म्हणजे पिढ्यानपिढ्या हात बसलेला कारागीर असलाच पाहिजे अशी त्यात काही अटच नव्हती. आज इंडोनेशियातल्या किंवा चीनमधल्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं मशीन तीच फळी कापतं, आणि हजारावी फळीसुद्धा पहिलीसारखीच निघते. 1982 मध्ये फेंडरने जपानमध्ये स्क्वायर नावाने स्वस्त गिटार आणि बेस काढायला सुरुवात केली, कारण जपानी कंपन्यांच्या नकला फार चांगल्या निघायला लागल्या होत्या, आणि त्या पहिल्या काळातले स्क्वायर आज लोक शोधून शोधून विकत घेतात.

नेमकेपणा म्हणजे नक्की किती, ते आकड्यात बघू. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एका गणिताने बसतात, प्रत्येक फ्रेटला तारेची उरलेली लांबी 1.0595 ने भागायची, असं बारा वेळा केलं की बरोबर अर्धी लांबी उरते आणि वरचा सा मिळतो. 34 इंच म्हणजे साधारण 864 मिलिमीटर, म्हणून पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) 48.5 मिलिमीटरच्या आसपास येतो. आता बाराव्या फ्रेटची जागा एक मिलिमीटर चुकली असं धरा, तर सूर साधारण 4 सेंटने सरकतो, आणि 100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर. व्हायोलिनची तार लहान, तिथे वरच्या सा ला बोट तेवढंच चुकलं तर 10 सेंटचा फटका बसतो. म्हणजे लांबीच्या बाबतीत बेस दयाळू आहे. पण फ्रेटच्या उंचीत तो अजिबात माफ करत नाही, कारण जाड तार खूप रुंद झोके घेते, एखादा फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा किंचित वर राहिला तरी तार त्याच्यावर आपटून खरखरते. स्वस्त बेसमध्ये पैसे वाचवतात ते नेमके इथे, फ्रेटची लेव्हल आणि टोकं घासणं, नटच्या खाचा, शेवटचा सेटअप (नेकचा बाक आणि तारांची उंची नीट लावणं), म्हणजे जिथे माणसाचा वेळ जातो तिथे.

म्हणून नवीन बेस आणला की आधी चांगल्या माणसाकडून सेटअप करून घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगतोय. चार तारा मिळून नेकवर साधारण 75 ते 80 किलोचा ताण असतो, एक मोठा माणूस सतत लटकून राहावा तेवढा, आणि त्याला तोलून धरायला नेकच्या आत ट्रस रॉड नावाची स्टीलची सळई असते. लाकूड दमटपणाने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तेही मुख्यतः आडवं, उभ्या धाग्याच्या दिशेने जवळजवळ नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळा सुरू झाला की नेकचा बाक बदलतो आणि जून महिन्यात मऊ लागणारा बेस ऑगस्टमध्ये कडक लागतो किंवा खरखरायला लागतो. उलट मे महिन्यात नागपूरकडे हवा इतकी कोरडी होते की फिंगरबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात, लोकांना वाटतं माल खराब निघाला, पण लाखाच्या बेसचंही हे होऊ शकतं. ट्रस रॉड पाव फेरा फिरवून आणि ब्रिजवरून तारांची उंची लावून बरेचदा काम होतं.

लाकडाचा विषय निघालाच आहे म्हणून, 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची बंधनं आली, तयार वाद्यांना 2019 च्या शेवटी सूट मिळाली, पण मधल्या काळात स्वस्त गिटार बनवणाऱ्यांनी फिंगरबोर्डला दुसरी लाकडं शोधली होती. त्यातलं एक, कॅटलॉगमध्ये इंडियन लॉरेल लिहिलेलं असतं ते, म्हणजे आपल्या सह्याद्रीत उभा असणारा ऐन. वाजवताना शिसव आणि ऐन यातला फरक मला तरी कधी जाणवला नाही.

स्वस्त बेसची खरी अडचण वेगळी आहे, ती म्हणजे हम. आपल्याकडे घरातली वीज 50 हर्ट्झची, आणि बेसची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झला आणि पुढची 55 ला वाजते, म्हणजे वायरिंगमधली घरघर नेमकी बेसच्या पट्ट्यात येऊन बसते. प्रिसिजनच्या 1957 नंतरच्या पिकअपमध्ये दोन भाग उलटसुलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्हीकडची घरघर एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र टिकतो, ही युक्ती स्वस्त बेसमध्येही तशीच चालते. फेंडरच्याच जॅझ बेस या मॉडेलच्या दोन पिकअपवाल्या रचनेत दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे ठेवले तरच घरघर जाते. आतल्या खाचेत तांब्याची चिकटपट्टी लावून ती नीट ग्राउंडला जोडली की बराच फरक पडतो, आणि सॉकेटला अर्थिंग आहे ना ते मात्र आधी बघा, तो जिवाचा प्रश्न आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. छोट्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ येतच नाही, मोबाइलमधून तर शक्यच नाही, तरीही आपल्याला खालचा सूर ऐकू येतो, हे कसं? तार एकाच वेळी 41, 82, 123, 164 अशा सगळ्या पटींत हलत असते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो याच पटींमुळे. वरच्या पटी कानाला मिळाल्या की त्यांच्यातलं 41 चं सारखं अंतर ओळखून मेंदू गायब असलेला मूळ सूर स्वतः भरून काढतो. म्हणून सुरुवातीला मोठा ॲम्प नसला तरी अडत नाही, हेडफोनवर तर मस्त सराव होतो. फक्त गिटारच्या छोट्या ॲम्पमध्ये बेस लावून आवाज चढवू नका, कारण तेवढ्याच जोराच्या आवाजासाठी एक सप्तक खाली गेलं की स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं आणि तो फाटू शकतो.

आणि काही गोष्टी पैसे टाकूनही सुटत नाहीत. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते, एखादा स्वर तिच्याशी जुळला की नेक तारेतली ऊर्जा शोषून घेतो आणि तो स्वर लवकर विझतो, फेंडरच्या घडणीच्या बेसमध्ये हे G तारेवर, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास होतं, महागातही होतं. तारांचंही तसंच, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन तुटल्याशिवाय तारा बदलत नसे, जुन्या तारेत वरच्या पटी मरतात आणि त्याला तोच गोल, दबका आवाज हवा होता. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला हॉफनर कंपनीचा बेस घेतला तो साधारण 30 पौंडांना, कारण फेंडर 100 च्या घरात होता आणि तेवढे पैसे नव्हते. त्या हॉफनरची लांबी 30 इंच, आणि तीच तार त्याच सुराला 30 इंचांवर लावली तर ताण 22 टक्क्यांनी कमी लागतो, म्हणून लहान हातांच्या मुलामुलींना मी छोट्या लांबीचाच बेस सुचवतो.

दुकानात गेलात की G तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून किती वेळ टिकतो ते ऐका, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबून वाजवलेला सूर मोबाइलच्या ट्यूनरवर जुळतायत का बघा, पट्टा लावून हात सोडा म्हणजे नेक खाली झुकतो का ते कळेल. फ्रेटची टोकं, खरखरणारा व्हॉल्यूम, हम हे सगळं नंतर थोडक्या पैशांत नीट होतं. पण ज्याचा ट्रस रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला आहे तो कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या, कारण पुढे ताणाने नेक आणखी वाकला तर तो सरळ करायला काही उपायच उरत नाही.