चेंडू मागे देणारा माणूस: माइक वेब्स्टर

अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला बसणाऱ्या माराची चर्चा निघाली की माइक वेब्स्टरचं नाव येतंच. पण ते का येतं हे कळायला आधी तो मैदानात काय काम करायचा ते बघायला हवं.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ वेगळा. इथे लांबुळका चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात. प्रत्येक चालीआधी दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी समोरासमोर वाकून रांग धरतात, ते लाइनमन. रांगेच्या मधोमध सेंटर. तो चेंडूवर हात ठेवून खाली वाकतो आणि ठरलेली हाक आली की पायांमधून चेंडू मागच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या गड्याच्या, हातात देतो. त्याचा हात अजून मागेच असतो, तेवढ्यात समोरचा शंभर-सव्वाशे किलोचा गडी अंगावर येऊन आदळतो. तो आघात घेतात खांदे आणि डोकं. सगळ्यांची नजर तोवर चेंडूमागे गेलेली असते.

वेब्स्टरचा जन्म 1952 सालचा, विस्कॉन्सिन राज्यातल्या टोमाहॉक गावचा. घर बटाट्याची शेती करणाऱ्यांचं. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळून 1974 साली तो पिट्सबर्ग स्टीलर्स संघात आला, तोही नव्या खेळाडूंच्या निवडीच्या पाचव्या फेरीत, कारण सेंटर म्हणून तो अंगाने लहान मानला गेला होता. मग त्याने वजनं उचलून शरीर कमावलं. कडाक्याच्या थंडीतही तो उघड्या दंडांनी खेळायचा. स्टीलर्सने सहा वर्षांत चार सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकले, त्या चारही वेळी तो संघात होता. 1986 साली कोपर निखळेपर्यंत त्याने सलग 150 सामन्यांत पहिल्या चालीपासून सेंटरची जागा सांभाळली. शेवटची दोन वर्षं कॅन्सस सिटीच्या संघाकडे. एकूण 17 हंगाम.

त्या काळचे नियमही लक्षात घ्यावे लागतात. समोरच्याच्या डोक्यावर हाताचा फटका मारायला बंदी आली ती 1977 मध्ये. क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत त्याला वाचवताना लाइनमनला हात लांब करून उघड्या पंजांनी अडवायची मुभा मिळाली 1978 मध्ये. त्याआधी हात छातीशीच ठेवावे लागत, म्हणजे डोकं पुढे जाणारच. वेब्स्टरची पहिली तीन-चार वर्षं या जुन्या नियमांत गेली.

निवृत्तीनंतर माणूस ढासळत गेला. स्मरण जायचं, राग अनावर व्हायचा, पैशाचा हिशेब राहिला नाही, संसार मोडला. कित्येक रात्री त्याने आपल्या पिकअप ट्रकमध्ये, कधी रेल्वे स्टेशनवर काढल्या. झोप यावी म्हणून तो विजेचा झटका देणारं यंत्र स्वतःच्या अंगावर चालवायचा, असं जवळच्यांनी सांगितलं आहे. 1997 मध्ये कॅन्टन गावातल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याचा समावेश झाला, तेव्हा जुना क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ चेंडू घेऊन मंचावर आला आणि वेब्स्टरने सूटबूट घालून, वाकून, शेवटचा चेंडू त्याच्या हातात दिला. ते दृश्य मला बघवत नाही.

24 सप्टेंबर 2002 रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. शवविच्छेदन केलं पिट्सबर्गमधल्या बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी. त्यांना या खेळातलं फारसं कळत नव्हतं, आणि मला वाटतं तेच बरं झालं. मेंदू वरून धडधाकट दिसत होता. तरीही त्यांनी तो जपून ठेवला, पदरचे पैसे घालून त्याचे पातळ काप रंगवून घेतले. त्यात टाऊ प्रथिनाचे साचलेले गुंते सापडले. बॉक्सरांच्या मेंदूवर सततच्या माराचा परिणाम होतो हे हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्येच लिहून ठेवलं होतं. डोक्याला पुन्हापुन्हा मार बसून मेंदू हळूहळू खराब होण्याचा हा आजार, म्हणजे सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी), फुटबॉलपटूच्या मेंदूत प्रथमच दिसत होता. 2005 मध्ये ओमालूंचा निबंध छापून आला. एनएफएल, म्हणजे हे व्यावसायिक सामने भरवणारी लीग, हिच्या वैद्यकीय समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या अशी मागणी केली. पण त्याच वर्षी स्टीलर्सचाच दुसरा लाइनमन, टेरी लाँग, गेला आणि त्याच्याही मेंदूत तेच निघालं.

दरम्यान अपंगत्वाच्या पैशाचा दावा चालूच होता. खेळाडूंच्या निवृत्तीनिधीने वेब्स्टरचं अपंगत्व मान्य केलं होतं, पण ते खेळत असताना नव्हे, नंतर आलं असं ठरवून कमी रक्कम लावली. त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल लागला आणि 2006 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम ठेवला. तोवर त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे हे लीगच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने उघडपणे कबूल केलं ते 2016 मध्ये, अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसमोर.

सीटीई म्हणजे बेशुद्ध पाडणाऱ्या दोन-चार मोठ्या टकरींचा परिणाम, असा समज अजून आहे. लाइनमनच्या बाबतीत तो फार अपुरा वाटतो. त्याचा मार छोटा आणि रोजचा, त्यातही बराचसा सरावातला, जिथे प्रेक्षक नसतात. म्हणूनच लीग आणि खेळाडूंच्या 2011 च्या करारात हंगामातले पूर्ण पॅड बांधून होणारे सराव 14 वर आणले गेले, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि ज्यात दोन गडी अरुंद पट्ट्यात समोरासमोर उभे करून एकमेकांवर सोडले जात, तो 'ओक्लाहोमा ड्रिल' एनएफएलने 2019 मध्ये सराव शिबिरांतून काढून टाकला.