विमच्या पहिल्या स्क्रीनमागची गोष्ट

विम हा कोड लिहायचा एक एडिटर. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, फाइलचं नाव न देता नुसतं ‘विम’ टाइप करून एंटर मारा. रिकाम्या स्क्रीनच्या मधोमध आवृत्ती दिसते, तो लिहिणाऱ्या ब्राम मोलेनार यांचं नाव दिसतं आणि बऱ्याचदा त्याखाली एक विनंती असते: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. एडिटरमध्ये युगांडा कुठून आला?

विम ज्याच्यावरून आला तो मूळ एडिटर, ‘व्हीआय’, 1976 च्या सुमारास बिल जॉय यांनी अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात विद्यार्थी असताना लिहिला. त्यांच्यासमोर एडीएम-3ए हा टर्मिनल, म्हणजे संगणकाला जोडलेला स्क्रीन आणि कीबोर्डचा संच, होता. त्याच्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हती. चार दिशांचे बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते. एस्केपचं बटणही आज टॅब असतो तिथे, करंगळीला सहज सापडेल असं. घरून काम करताना मोडेम 300 बॉडचा, म्हणजे सेकंदाला साधारण 30 अक्षरं. 24 ओळींची भरलेली स्क्रीन पुन्हा उमटायला मिनिटभर लागणार. एकेका अक्षराच्या आज्ञा अशा तंगीतून आल्या. आज नव्या लॅपटॉपवर ‘जे’ दाबून खालच्या ओळीवर जाताना आपली बोटं त्या जुन्या कीबोर्डवरच फिरत असतात.

व्हीआयमध्ये एटी अँड टी या कंपनीच्या ‘ईडी’ एडिटरचा कोड होता, त्यामुळे तो मोकळेपणी वाटता येत नव्हता. मग लोकांनी स्वतःच्या नकला लिहिल्या. टिम थॉम्पसन यांचा अटारी एसटी या घरगुती संगणकावरचा ‘स्टीव्ही’ त्यातलाच. नेदरलँड्सच्या मोलेनार यांनी अमिगा हा संगणक घेतला, पण त्यावर हवा तसा व्हीआय मिळेना. 1988 मध्ये त्यांनी स्टीव्हीचा कोड घेऊन काम सुरू केलं. 1991 मध्ये विम बाहेर आला तो फ्रेड फिश यांच्या 591 क्रमांकाच्या फ्लॉपीवरून. फिश अमिगासाठीची मुक्त सॉफ्टवेअरं अशी फ्लॉपींवर गोळा करून वाटत. तेव्हा विम म्हणजे ‘व्हीआय इमिटेशन’, ‘व्हीआयची नक्कल’. पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आल्यावर तेच नाव ‘व्हीआय इम्प्रूव्ह्ड’, ‘सुधारलेला व्हीआय’ असं वाचलं जाऊ लागलं.

1994 च्या उन्हाळ्यात मोलेनार दक्षिण युगांडातल्या किबाले गावच्या बालकेंद्रात स्वयंसेवक म्हणून गेले आणि वर्षभर राहिले. केंद्राचं बांधकाम वाढवायला हातभार लावला, पाणी आणि स्वच्छतेची कामं केली. एड्सने त्या भागात असंख्य मुलांचे आईबाप नेले होते. परत आल्यावर त्यांनी केंद्रासाठी निधी जमवायला सुरुवात केली आणि विमच्या परवान्यातच लिहून ठेवलं: हवा तितका वापरा, हव्या तितक्या प्रती काढा, जमलं तर किबालेच्या मुलांसाठी काही द्या. मी आजवर बरेच परवाने वाचले. एखाद्या गावाची हकिगत सांगणारा दुसरा पाहिला नाही. मला तो विमच्या कुठल्याही फीचरपेक्षा मोलाचा वाटतो.

2006 पासून ते गूगलच्या झुरिक ऑफिसात होते, तरी विमचा जवळपास प्रत्येक पॅच, म्हणजे कोडमधली छोटी दुरुस्ती, त्यांच्याच हातून जाई. त्यातून कुरबुरीही झाल्या. 2014 मध्ये काही जणांनी वेगळी वाट धरून ‘निओविम’ काढला, आणि माझ्या मते त्या चढाओढीने दोन्ही एडिटरांचं भलंच झालं. उदाहरणार्थ, बॅकग्राउंडला कामं चालवायची सोय विममध्ये 2016 च्या आठव्या आवृत्तीत आली.

3 ऑगस्ट 2023 ला, 62 व्या वर्षी, मोलेनार गेले. ख्रिश्चन ब्राबांट आणि इतरांनी काम पुढे चालू ठेवलं. जानेवारी 2024 ची 9.1 ही आवृत्ती त्यांनी मोलेनार यांना अर्पण केली. युगांडाची ओळ तिच्यातही जागच्या जागी होती.