वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल : महाविद्यालयीन आवारातील विद्यार्थी-प्रकल्प

वसतिगृहाची मेस, कँटीन आणि आसपासच्या खाणावळींत तळून उरलेले तेल गोळा करून विद्यार्थ्यांनी संस्थेच्या आवारातच त्याचे बायोडिझेल बनवण्याची पद्धत. तयार इंधन सहसा आवारातील जनरेटर, पाण्याचा पंप किंवा बस यांच्या डिझेलमध्ये मिसळून वापरतात. तेल आणणे, तपासणे, बॅच घेणे आणि हिशेब ठेवणे ही कामे विद्यार्थी करतात. देखरेख आणि घातक रसायनांची जबाबदारी प्राध्यापकांकडे असते. अमेरिकेत शिकागोच्या लॉयोला विद्यापीठात २००७ मध्ये एका अभ्यासक्रमातून असा प्रकल्प उभा राहिला. तिथे इंधनाबरोबर उरलेल्या ग्लिसरिनपासून साबणही बनू लागला.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. पण नुसते तेल डिझेलपेक्षा फार दाट असते. ते नीट फवारले जात नाही आणि इंजिनात काजळी धरते. म्हणून त्याच्यावर मिथेनॉलची क्रिया करतात. तेलाच्या रेणूतील तीन मेदाम्ले ग्लिसरिनपासून सुटून मिथेनॉलशी जोडली जातात आणि पातळ मिथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, तयार होते. हिशेबाने १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल खर्ची पडते आणि सुमारे १०० किलो बायोडिझेल व १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते.

मुंबईत या प्रकल्पाचे मोल इंधनापेक्षा आरोग्यात जास्त आहे. बटाटेवडा, भजी, समोसा, फरसाण यांच्या या शहरात मोठ्या स्वयंपाकघरांतले जळके तेल स्वस्तात विकले गेले, की ते पुन्हा कुणाच्या तरी कढईतच जाते, आणि ते खाणारा बहुधा कमी पैशांत पोट भरणारा माणूस असतो. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारी द्रव्ये, वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून बंदी केली. त्याच वर्षी असे तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी प्राधिकरणाने ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने (२०१८) डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य २०३० साठी ठेवले आहे. एका मेसच्या तेलाने त्या आकड्याला फारसा हातभार लागणार नाही. मात्र त्या मेसचे तेल पुन्हा कुणाच्या तळणीत जाणार नाही याची खात्री विद्यार्थी देऊ शकतात, आणि तेवढे फार मोठे काम आहे.

त्यामुळे प्रकल्पाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, मेसच्या मागच्या दाराशी होते. तेल कोणत्या दिवशी उतरवायचे, कोणत्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, त्यात भांडी धुतलेले पाणी जाऊ नये, हे आचाऱ्यांशी बोलून ठरवावे लागते. वड्यांच्या तेलात तळाशी बेसनाचा काळपट चुरा असतो. तेल एक-दोन दिवस निवळू देऊन, मलमलीतून गाळून, तापवून त्यातले पाणी उडवतात. तापलेल्या पळीत थोडे तेल टाकले आणि तडतड झाली, तर पाणी अजून आहे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत तिच्याकडेच दुर्लक्ष होते. तळणीचे तेल दोन वेळा सारखे कधीच नसते. जितके जास्त तळलेले, तितकी त्यात सुटी मेदाम्ले जास्त, आणि ती उत्प्रेरक म्हणून घातलेला कॉस्टिक सोडा खाऊन साबण बनवतात. म्हणून प्रत्येक बॅचचे टायट्रेशन, म्हणजे आम्लता मोजण्याची चाचणी, करतात. १० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिलि तेल विरघळवून दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन हे रंगसूचक घालायचे आणि लिटरला १ ग्रॅम या प्रमाणातले सोड्याचे द्रावण ब्यूरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, थेंबथेंब सोडायचे. गुलाबी छटा येते, हलवल्यावर विरते, पुन्हा येते. ती अर्धा मिनिट टिकली की रीडिंग घ्यायचे. जितके मिलि लागले, तितके ग्रॅम सोडा दर लिटर तेलामागे जादा. ताज्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम पुरतो. रीडिंग २.५ आले, तर ५० लिटरच्या बॅचला ६ ग्रॅमच्या हिशेबाने ३०० ग्रॅम सोडा आणि सुमारे १० लिटर मिथेनॉल लागेल. रीडिंग फारच चढले, तर आधी गंधकाम्लाच्या साहाय्याने मेदाम्लांचे एस्टर करून घ्यावे लागते.

तेल, मिथेनॉल आणि सोडा यांचे मिश्रण ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर तासभर ढवळून रात्रभर स्थिर ठेवतात. सकाळी वर मधाच्या रंगाचा बायोडिझेलचा थर आणि खाली गडद तपकिरी, जड ग्लिसरीन दिसते. मध्ये पांढुरका लगदा आला असेल, तर तो साबण: पाणी राहिले किंवा सोडा चुकला. वरचा थर वेगळा काढून कोमट पाण्याने दोन-तीनदा धुतात आणि वाळवतात. मग ३ मिलि इंधन २७ मिलि मिथेनॉलमध्ये घालून पाहतात. तळाशी तेलाचे थेंब बसले, तर क्रिया अपुरी आहे. शुद्ध बायोडिझेलसाठी भारतीय मानक आयएस १५६०७ आहे. त्यातल्या सर्व चाचण्या बाहेरच्या प्रयोगशाळेकडूनच करून घ्याव्या लागतात.

मिथेनॉल हा या कामातला खरा धोका आहे. ते साधारण ६५ अंशांना उकळते, खोलीच्या तापमानालाही पेट घेते, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही आणि पोटात गेल्यास दृष्टी व जीव दोन्ही जाऊ शकतात. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. या द्रव्याचा साठा कुलपाआड आणि नोंदवहीत असावा, रिअ‍ॅक्टर (मिश्रण तापवून ढवळण्याची टाकी) वसतिगृहाच्या खोलीत वा गच्चीवर कधीही लावू नये, यात सूट नाही. धुण्याचे साबणट पाणी व कच्चे ग्लिसरीन यांतही मिथेनॉल असते. ते गटारात सोडता येत नाही, आणि मिथेनॉल उडवून परत मिळवल्याशिवाय ग्लिसरिनचा साबण करू नये.

मुंबईची हवा या इंधनाला एका बाबतीत सोयीची आहे. इथे तळणीला पामोलिन, म्हणजे पाम तेलाचा पातळ भाग, भरपूर वापरतात. पाम तेलाचे बायोडिझेल साधारण १५ अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागते. उत्तरेत हिवाळ्यात त्याने फिल्टर तुंबेल, इथे पारा इतका क्वचितच उतरतो. पावसाळा मात्र त्रास देतो. इंधन लवकर वाळत नाही आणि कॉस्टिक सोड्याच्या पापड्या हवेतले पाणी ओढून ओल्या होतात, मग वजन बरोबर भरले तरी सोडा कमीच पडतो.

त्यातच शैक्षणिक वर्षाची अडचण. परीक्षा आणि मे महिन्याच्या सुट्टीत तेल पडून राहिले, की त्याची आम्लता वाढते. अनुभवी सीनियर बाहेर पडतात आणि जून-जुलैत नवी मुले पावसातच पहिली बॅच घेतात. म्हणून सुट्टीआधी पिंपे रिकामी करतात, सोडा हवाबंद बरणीत ठेवतात आणि प्रत्येक बॅचचे टायट्रेशन, वजन व बिघाड जर्नलमध्ये लिहून ज्युनियरांच्या हाती देतात.