रास्पबेरी पाय

प्रक्रियक, स्मृती, पडद्याची व नेटवर्कची जोडणी आणि विद्युत् घटक जोडण्यासाठीच्या उघड्या पिना एकाच लहान फलकावर असलेला संगणक. केंब्रिज (इंग्लंड) येथील रास्पबेरी पाय फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने तो मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी विकसित केला. फलकाची लांबी सुमारे ८५ मिमी. व रुंदी ५६ मिमी. ‘बँकेच्या कार्डाएवढा’ हे त्याचे रूढ वर्णन लांबीपुरते खरे आहे. रुंदीला तो कार्डापेक्षा सुमारे २ मिमी. जास्त भरतो आणि पोर्टांची तोंडे कडेबाहेर थोडी डोकावतात. नुसता फलक घेतल्यास कळफलक, पडदा, साठवण, चार्जर वा पेटी यांपैकी काहीही सोबत येत नाही. त्यामुळे कोणत्या कडेला काय जोडायचे हे ओळखणे हीच त्याच्या वापराची पहिली पायरी ठरते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पूर्ण आकाराच्या ‘बी’ मालिकेचा विचार केला आहे.

नाव व उगम : प्रारंभ नेमका कोणत्या वर्षी मानावा याबद्दल एकवाक्यता नाही. एबेन अप्टन यांनी २००६ च्या सुमारास ॲटमेल कंपनीच्या एटीमेगा६४४ या सूक्ष्मनियंत्रकावर (उपकरणे नियंत्रित करणाऱ्या एकचिपी छोट्या संगणकावर) काही नमुना-फलक बनवले होते. काही लेखक इतिहास तेथून सुरू करतात. मात्र त्या नमुन्यांत आणि पुढे विक्रीस आलेल्या फलकात विद्युत् रचनेचे साम्य जवळजवळ नाही. साम्य आहे ते हेतूचे. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि त्यांचा प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगचा अनुभव या दोन्हींत झालेली घट तेथील शिक्षकांना जाणवत होती. त्या काळजीतून अप्टन, रॉब मलिन्स, जॅक लँग, ॲलन मायक्रॉफ्ट, पीट लोमास व डेव्हिड ब्रेबन यांनी एकत्र येऊन संस्था उभी केली. तिची नोंदणी २००९ मध्ये झाली. आज ज्याला रास्पबेरी पाय म्हणतात त्या यंत्राचा उगम या टप्प्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

नावातील ‘रास्पबेरी’बद्दल वाद नाही. संगणक कंपन्यांना फळांची नावे देण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील ॲपल सर्वपरिचित आहे. ब्रिटनमध्ये ॲप्रिकॉट, टँजेरिन आणि ओकच्या फळावरून नाव घेतलेली एकॉर्न या कंपन्या होत्या. ‘पाय’ या भागाची उपपत्ती मात्र दोन प्रकारे दिली जाते. गणितातील π हे चिन्ह मराठी पाठ्यपुस्तकांतही ‘पाय’ असेच वाचले जाते, त्यामुळे मराठी वाचकाला हा अर्थ आधी सुचतो. १४ मार्च ही तारीख अमेरिकी पद्धतीने ३/१४ अशी लिहितात व π चा दिवस म्हणून पाळतात; ‘३ बी प्लस’ हे प्रारूप २०१८ मध्ये याच दिवशी प्रकाशित झाल्याने या समजुतीला बळ मिळाले. दुसरी उपपत्ती अशी, की हा संगणक सुरू होताच थेट पायथन या भाषेत उघडावा अशी मूळ योजना होती आणि त्या भाषेच्या नावाचे आद्याक्षर येथे आले. निर्मात्यांनी स्वतः हीच उपपत्ती सांगितली आहे, म्हणून ती अधिक ग्राह्य. स्पेलिंग ग्रीक अक्षराप्रमाणे ठेवल्याने दोन्ही अर्थांना वाव राहिला. ‘ए’ आणि ‘बी’ ही प्रारूपांची नावे १९८१ मधील बीबीसी मायक्रो या एकॉर्न कंपनीच्या शालेय संगणकावरून घेतलेली आहेत. हा वारसा केवळ नावापुरता नाही. फलकावरील प्रक्रियक ज्या आर्म घराण्यातला आहे त्याची पहिली चिप १९८५ मध्ये एकॉर्नमध्येच, सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांच्या कामातून तयार झाली होती.

विक्रीचा प्रारंभ २९ फेब्रुवारी २०१२ असा दिला जातो. ती मागणी नोंदवण्याची तारीख आहे. प्रत्यक्ष फलक ग्राहकांच्या हाती पडू लागले ते एप्रिलपासून. विलंबाचे एक कारण या नोंदीच्या विषयाशी थेट संबंधित आहे. पहिल्या खेपेत नेटवर्कच्या पोर्टसाठी आतील रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) नसलेला सॉकेट चुकून बसवला गेला होता. बाहेरून तो योग्य सॉकेटसारखाच दिसतो, पण त्यातून जोडणी चालत नाही. सर्व सॉकेट काढून नवे बसवावे लागले. उत्पादन आरंभी चीनमध्ये होत असे; २०१२ मध्येच ते वेल्समधील पेनकोड येथील सोनीच्या कारखान्यातही सुरू झाले.

पोर्टांमागील रचना : पहिल्या ‘मॉडेल बी’ची किंमत ३५ डॉलर होती. त्यावर ७०० मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती (ऑक्टोबर २०१२ पासून ५१२), दोन यूएसबी पोर्ट, नेटवर्कचा पोर्ट, एचडीएमआय, जुन्या दूरचित्रवाणी संचासाठी पिवळा आरसीए पोर्ट, ३.५ मिमी.चा ध्वनीचा जॅक, एसडी कार्डाची खाच आणि २६ पिना होत्या. अशा याद्या सर्वत्र मिळतात. पोर्ट तसे का वागतात हे मात्र यादीवरून कळत नाही, त्यासाठी चिपकडे पाहावे लागते.

बीसीएम२८३५ ही ब्रॉडकॉम कंपनीची चिप मुळात चित्र व ध्वनी हाताळणाऱ्या उपकरणांसाठी होती. तिचा चित्रप्रक्रियक समर्थ होता आणि त्या मानाने आर्म प्रक्रियक दुय्यम होता. फलकाला वीज मिळताच आधी चित्रप्रक्रियक जागा होतो, कार्डावरील आरंभीच्या फाइली वाचतो आणि मग आर्म प्रक्रियकाला कामाला लावतो. त्यामुळेच कार्ड न घालता वीज दिली तर जुन्या प्रारूपांत तांबडा दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. नवख्याला फलक बिघडला असे वाटते. तो बिघडलेला नसतो. चौथ्या प्रारूपापासून (‘पाय ४’) आरंभाचा प्रोग्रॅम फलकावरील वेगळ्या स्मृतीत ठेवलेला असतो व कार्ड नसले तरी पडद्यावर माहिती उमटते.

या चिपमधून यूएसबीची एकच वाट बाहेर येत असे, आणि नेटवर्कसाठी तर एकही नव्हती. म्हणून लॅन९५१२ ही दुसरी चिप बसवून त्या एका वाटेतून दोन यूएसबी पोर्ट आणि नेटवर्क असे तीन फाटे काढले. जुलै २०१४ च्या ‘बी प्लस’मध्ये लॅन९५१४ आली आणि यूएसबी पोर्ट चार झाले, वाट मात्र एकच राहिली. सेकंदाला ४८० मेगाबिट ही यूएसबी २.० ची कमाल मर्यादा चारही पोर्ट व नेटवर्क मिळून वाटून घेत. यूएसबी डिस्कवरून नेटवर्कवर फाइल पाठवताना वेग का कोसळतो याचे उत्तर येथे आहे. ‘३ बी प्लस’च्या नेटवर्क पोर्टला गिगाबिट म्हटले गेले, तरी प्रत्यक्ष कमाल वेग सुमारे ३०० मेगाबिट होता, कारण तोही त्याच वाटेवर होता.

ही कोंडी फुटली ती २४ जून २०१९ रोजी आलेल्या चौथ्या प्रारूपात. बीसीएम२७११ या चिपला नेटवर्कची स्वतंत्र वाट होती आणि यूएसबीसाठी पीसीआय एक्सप्रेस या, चिपा एकमेकींना जोडणाऱ्या जलद मार्गावर वेगळी चिप होती. दोन पोर्ट निळ्या रंगाचे, यूएसबी ३.० चे, आणि दोन काळे, २.० चे झाले. माऊस व कळफलक काळ्या पोर्टांत आणि डिस्क निळ्यांत लावावी. २०२३ च्या पाचव्या प्रारूपात फाउंडेशनच्या कंपनीने स्वतः घडवलेली आरपी१ ही चिप यूएसबी, नेटवर्क, कॅमेरा व पिना हे सगळे सांभाळते. मुख्य प्रक्रियकाशी तिचा संबंध पीसीआय एक्सप्रेसच्या चार मार्गिकांनी येतो. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते वाढलेल्या गिगाहर्ट्‌झपेक्षा हा बदल अधिक मोलाचा आहे.

पडद्याचा पोर्ट तिसऱ्या प्रारूपापर्यंत नेहमीच्या आकाराचा एचडीएमआय होता. चौथ्यापासून दोन मायक्रो-एचडीएमआय आहेत. एकच पडदा असल्यास केबल वीजपुरवठ्याच्या पोर्टजवळच्या तोंडात लावावी. पिवळा आरसीए पोर्ट ‘बी प्लस’मध्ये वेगळा राहिला नाही, त्याचा संकेत ध्वनीच्या जॅकच्या चौथ्या वलयात गेला. कॅमकॉर्डरबरोबर मिळणाऱ्या अनेक चारपदरी केबलींत भू-तार आणि चित्राची तार यांची अदलाबदल असते, म्हणून जॅकमध्ये बसणारी प्रत्येक केबल चालतेच असे नाही. पाचव्या प्रारूपात हा जॅकच नाही. नेटवर्क व यूएसबी यांच्या जागा चौथ्या प्रारूपात उलटसुलट झाल्या आणि पाचव्यात पूर्ववत आल्या, त्यामुळे एकाची पेटी दुसऱ्याला बसत नाही. वायफाय व ब्लूटूथ ‘बी’ मालिकेत २०१६ च्या तिसऱ्या प्रारूपापासून फलकावरच आहेत.

चाळीस पिना : सर्वसाधारण संगणकाहून या यंत्राचे वेगळेपण या दोन रांगांत आहे. ‘बी प्लस’पासून पिनांची संख्या ४० आहे व मांडणी बदललेली नाही. त्यांपैकी दोन ५ व्होल्टच्या, दोन ३.३ व्होल्टच्या, आठ भू-जोडणीच्या आणि २८ संकेतांच्या; या २८ मधील दोन (क्र. २७ व २८) जोडफलकाच्या (पिनांवर बसवायच्या पूरक फलकाच्या) ओळखीसाठी राखीव आहेत. क्र. १ ची पिन फलकाच्या खालच्या बाजूस चौकोनी डाखामुळे (सोल्डरच्या ठिपक्यामुळे) ओळखू येते, इतरांचे डाख गोल असतात.

पिनांच्या क्रमांकनाच्या पद्धती निदान तीन आहेत, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका त्यांतून होतात. पहिली जागेनुसार १ ते ४०. दुसरी चिपच्या अंतर्गत क्रमांकानुसार, जिला ‘बीसीएम’ म्हणतात. तिसरी वायरिंगपाय या लायब्ररीची (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार आज्ञांच्या संचाची). एकच पिन पहिल्या पद्धतीत ११, दुसरीत १७ आणि तिसरीत ० असते. जागेनुसार क्रमांक घ्यावेत असे मानणारे एक भक्कम उदाहरण देतात : २०१२ मध्येच फलकाच्या दुसऱ्या आवृत्तीत ३, ५ व १३ या जागांवरील चिपचे क्रमांक ०, १, २१ ऐवजी २, ३, २७ असे झाले आणि बीसीएम क्रमांकांवर लिहिलेले प्रोग्रॅम बंद पडले, जागा तेवढ्या तशाच राहिल्या. त्यानंतर असा बदल झालेला नाही. जीपीआयओ झीरो ही आता प्रचलित असलेली लायब्ररी बीसीएम क्रमांक गृहीत धरते व बहुतेक शिक्षणसाहित्यही तिला अनुसरते. म्हणून आज शिकताना बीसीएम पद्धत धरणे व आकृती शेजारी ठेवणे इष्ट.

संकेतांच्या सर्व पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांवर ५ व्होल्ट आल्यास चिप कायमची निकामी होऊ शकते, मध्ये संरक्षक घटक नाहीत. ५ व्होल्टची क्र. २ ची पिन ३.३ व्होल्टच्या क्र. १ ला अगदी खेटून असल्याने सुट्या तारा लावताना वीज बंद ठेवावी. एका पिनेतून किती प्रवाह घ्यावा याविषयी ‘१६ मिलिअँपिअर’ हा आकडा सर्रास उद्धृत होतो. तो चिपमधील संकेतबलाच्या नियोजनाचा सर्वोच्च टप्पा आहे. त्या प्रवाहापर्यंत व्होल्टची पातळी विश्वसनीय राहते एवढाच त्याचा अर्थ. त्यापुढे चिप प्रवाह आपोआप रोखते, असा जो अर्थ लावला जातो तो बरोबर नाही. एलईडीबरोबर रोधक (प्रवाह मर्यादित ठेवणारा घटक) लावणे यासाठीच आवश्यक. मोटर तर थेट पिनेवर कधीही लावू नये. सलग बदलणारे व्होल्ट मोजण्याची सोय एकाही पिनेवर नाही. त्यासाठी एमसीपी३००८ सारखी वेगळी चिप लागते.

वीजपुरवठा : सर्व प्रारूपांना ५ व्होल्ट लागतात. तिसऱ्या प्रारूपापर्यंत मायक्रो-यूएसबी, पुढे सी-टाइप यूएसबी. मोबाइलच्या चार्जरशी साम्य दिसले तरी तो पुरेसा ठरेल असे नाही. पातळ केबलमध्ये व्होल्ट घटून ते सुमारे ४.६ पर्यंत आले की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह उमटते. ‘संगणक मध्येच थांबतो’ या तक्रारीत आधी केबल तपासावी.

चौथ्या प्रारूपाच्या आरंभीच्या फलकांत सी-टाइप पोर्टच्या दोन ओळख-पिनांना स्वतंत्र रोधक न देता एकच सामायिक रोधक दिला होता. साध्या केबलने ते चालत. आत ओळख-चिप असलेल्या केबलने जोडल्यास चार्जर त्या फलकाला ध्वनीचे उपसाधन समजून वीजच देत नसे. फाउंडेशनने दोष मान्य केला व पुढील आवृत्तीत तो दूर झाला. दुसऱ्या प्रारूपातील (फेब्रुवारी २०१५) दोष अधिक विलक्षण होता. झेनॉन फ्लॅशने जवळून छायाचित्र घेतले की तो संगणक बंद पडून पुन्हा सुरू होई. वीजपुरवठ्याच्या यू१६ या चिपचे अर्धसंवाहक आवरणाविना उघडे होते आणि तीव्र प्रकाशाने त्यात प्रवाह निर्माण होत असे. चिप झाकली की दोष थांबे. प्रकाशविद्युत् परिणाम शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे असे आहे.

पाचव्या प्रारूपासाठी ५ अँपिअरचा पुरवठा सुचवलेला आहे. ३ अँपिअरवरही तो चालतो, पण मग सर्व यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. याच प्रारूपात प्रथम बंद-चालू करण्याचे बटण आणि घड्याळ आले; घड्याळाला बॅटरी वेगळी जोडावी लागते. आधीची प्रारूपे वीज गेल्यावर वेळ विसरतात आणि इंटरनेटवरून ती पुन्हा घेतात.

लहान प्रारूपे : ‘पाय झीरो’ (नोव्हेंबर २०१५, ५ डॉलर) मध्ये मिनी-एचडीएमआय व दोन मायक्रो-यूएसबी आहेत, कडेचा वीजपुरवठ्यासाठी, आतला उपकरणांसाठी. पिनांच्या जागी मूळ प्रारूपात नुसती छिद्रे असतात, डाख स्वतः द्यावा लागतो. ‘पाय ४००’ (२०२०) मध्ये फलक कळफलकाच्या आत बसवला असून सर्व पोर्ट मागील कडेला आहेत. ‘कंप्यूट मॉड्यूल’वर पोर्ट नसतात, ते वापरणाऱ्याने स्वतःच्या फलकावर द्यावयाचे असतात. ‘पिको’ (२०२१) हा सूक्ष्मनियंत्रक असून त्याचा विचार वेगळा करणे योग्य.

पहा : आर्म प्रक्रियक, बीबीसी मायक्रो, यूएसबी, सूक्ष्मनियंत्रक.