अँटिव्हायरसने पकडले म्हणजे व्हायरसच?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपी केंद्रांत एक समज पक्का रुजला आहे, तो म्हणजे अँटिव्हायरसने अडवलेली फाइल व्हायरसच असते. वस्तुस्थिती तशी नाही. हे सॉफ्टवेअर ज्ञात व्हायरसांच्या खुणा जुळवते आणि वागणुकीवरून अंदाजही बांधते. त्यामुळे कळफलकावरची प्रत्येक कळ टिपून तिचे मराठी अक्षर करणारा निरुपद्रवी टायपिंग प्रोग्रॅमही त्याला पासवर्डचोर वाटू शकतो. २१ एप्रिल २०१० रोजी तर मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातले असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! तेव्हा लग्नपत्रिकेचे काम अडले तरी संगणक फॉरमॅट करण्याआधी क्वारंटाइन (अडवलेल्या फाइली बाजूला ठेवण्याचा अँटिव्हायरसमधला कप्पा) उघडून फाइलचे मूळ तपासावे, आणि खात्री पटली तरच तेवढी फाइल अपवादांत, म्हणजे अँटिव्हायरसने न अडवायच्या फाइलींच्या यादीत, टाकावी. अख्खा अँटिव्हायरस बंद करू नये.